रुग्णसुरक्षेचा संशोधक: हे काम आलं कुठून?

जळगाव-धुळ्याकडे कुणी ‘मी रुग्णसुरक्षेवर संशोधन करतो’ म्हटलं, की समोरच्याला वाटतं हा डॉक्टरांच्या चुका पकडायला आलेला इन्स्पेक्टर. सिस्टर गप्प होतात, केसपेपर कपाटात जातात. त्यांचं फारसं चुकत नाही. शंभरेक वर्षांच्या चौकश्यांनी त्यांना तेच शिकवलंय. खरं तर हे काम म्हणजे उपचार घेतानाच रुग्णाला इजा का होते, ते शोधणं.

या इतिहासातलं एक जुनं प्रकरण आपल्या मुंबई इलाख्याशी जोडलेलं आहे. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. सरकारी चौकशीने बोट ठेवलं थेट लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर: लस निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिन यांनी बदलली होती, म्हणजे दोष तिथलाच. हाफकिन कामावरून दूर झाले. पुढे पुरावे पुन्हा तपासले गेले, तेव्हा संशय गेला तो गावात बाटली उघडतानाच्या क्षणावर. सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली आणि १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. आज परळच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. पण पाच वर्षं मधल्या मध्ये गेली. चिमटा पडला तर काय करायचं, दुसरा हाताशी होता का, हे पहिल्याच आठवड्यात विचारता आलं असतं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६मध्ये भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्यावर नेमलेल्या न्या. लेंटिन आयोगाने मात्र वॉर्डापुरतं पाहिलं नाही. औषधखरेदी, औषध प्रशासन, थेट मंत्रालय अशी सगळी साखळी उलगडली. महाराष्ट्रात या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी तो अहवाल वाचावा असं माझं मत आहे. परदेशी पाठ्यपुस्तकं नंतर.

मोजमापाची शिस्त आली ती अमेरिकेतून. न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ सालच्या तीस हजारांहून अधिक केसपेपरांची छाननी हार्वर्डच्या संशोधकांनी केली आणि १९९१मध्ये सांगितलं, दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली. १९९९च्या एका राष्ट्रीय अहवालाने उपचारांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला. मला त्यातला दुसरा मुद्दा मोठा वाटतो: चूक करणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो, कामाची मांडणी त्याला चुकायला भाग पाडते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन हेच आधीपासून सांगत होते.

मग उपायांची लाट आली. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली गेली; २००९च्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५वरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. यादी छापून भिंतीवर लावली की काम झालं, असा समज इथूनच पसरला. उत्तर प्रदेशात प्रसूतीसाठी अशीच यादी दीड लाखाहून जास्त प्रसूतींवर अजमावली. परिचारिकांचं काम सुधारलं, पण माता-बालमृत्यू घटले नाहीत. २०१७चा तो निकाल आपल्याकडच्या जिल्ह्यांसाठी त्या आठ शहरांच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

खानदेशात हा विषय लोकांच्या तोंडी आला तो जून २०२०मध्ये. जळगावच्या सरकारी रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची कोविडग्रस्त आजी आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. तशी कारवाई गरजेची असेलही. पण पाळी बदलताना रुग्ण मोजून कोण कोणाच्या ताब्यात देतं, नातेवाईक आत नसताना म्हाताऱ्या माणसाला संडासला कोण नेतं, पलंग रिकामा दिसला तर कोणाला कळवायचं, हे प्रश्न निलंबनाच्या आदेशात मावत नाहीत. रुग्णसुरक्षेच्या संशोधकाचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

इथे तो हार्वर्डची पद्धत जशीच्या तशी वापरू शकत नाही. ती पद्धत धरून चालते की एक रुग्ण म्हणजे एक फाईल. धडगावच्या पाड्यावरची बाळंतीण झोळीतून रस्त्यापर्यंत येते, मग १०८मधून ग्रामीण रुग्णालय, तिथून नंदुरबारचं सिव्हिल, आणि तिथेही जमलं नाही तर धुळे. नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०२०मध्ये, जळगावला २०१८मध्ये. त्याआधी खानदेशात सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे धुळंच. प्रत्येक मुक्कामी नवा केसपेपर. मधल्या रस्त्यात रक्तस्राव वाढला, तर तो कोणाच्याच कागदावर येत नाही. शिवाय बाई पावरीत किंवा भिलीत सांगते, सोबतची आशाताई अहिराणीत, आणि डॉक्टर लिहितो इंग्रजीत. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची नोंद गावातल्या कार्डावर असते, ते कार्ड घरी राहतं आणि भूल देणाऱ्याला ते कळतच नाही.

म्हणून इथल्या संशोधकाला आकडेवारीआधी माणसं धरावी लागतात: रात्रपाळीची सिस्टर, १०८चा चालक, आशाताई. ‘काय व्हयनं?’ एवढंच विचारून ऐकत बसायचं, आणि सांगणाऱ्याचं नाव अहवालात येणार नाही ही खात्री आधी द्यायची. देशाचा रुग्णसुरक्षा आराखडा २०१८ ते २०२५ या काळासाठी होता आणि घटना निर्भयपणे नोंदवण्याची व्यवस्था त्यातही अपेक्षित होती. तालुक्याच्या रुग्णालयात ती नोंद कोणत्या वहीत करायची आणि ती वही कोण वाचणार, हे ठरवणं अजून ज्याच्या त्याच्या वैद्यकीय अधीक्षकावर आहे.