पाणीपट्टी मंत्रालयात ठरते का?

"पाणीपट्टी मंत्रालयातून वाढते, नगरसेवकांच्या हातात काही नसतं." हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. त्यावर विश्वास बसणं साहजिक आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

धरणातून शहराने उचललेल्या कच्च्या पाण्याचा दर राज्य पातळीवर ठरतो. पण तो दर महापालिकेने मोजायचा असतो. तुमच्या नळाचा दर ही निराळी गोष्ट. शुद्धीकरण, पंपांची वीज, गळती, दुरुस्ती हा खर्च त्यात येतो आणि तो दर ठरवते महापालिका.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चं कलम 99 वाचा. स्थायी समितीच्या प्रस्तावांवर विचार करून पुढच्या वर्षीचे करांचे दर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं त्यात आहे. निवडून आलेली सभा नसेल तेव्हा हाच अधिकार प्रशासक वापरतो. राज्य कायद्याची चौकट आखतं. चौकटीतला आकडा शहराचा.

घरपट्टीचं बिल काढून बघा. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण कर अशा ओळी वेगवेगळ्या दिसतील (मीटर असेल तर पाण्याचं बिल बहुधा स्वतंत्र येतं). शेजारच्या शहरातल्या नातेवाइकांचं बिल शेजारी ठेवा. राज्य एकच, दर मात्र बहुधा वेगळे.

तरी शंका उरली, तर दरवाढीच्या ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये लागतात. त्या प्रतीवर दर कोणी मंजूर केला ते स्पष्ट लिहिलेलं असतं. हरकत घ्यायची असेल तर फेब्रुवारीच्या आधी, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे घ्या.