प्रौढांची हौशी आईस हॉकी
नोकरीधंदा सांभाळून केवळ आवडीखातर खेळली जाणारी आईस हॉकी. कॅनडा व अमेरिकेत तिच्या स्थानिक साखळी स्पर्धांना बोलीभाषेत ‘बिअर लीग’ म्हणतात. बंदिस्त रिंकवरचा, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या मैदानावरचा, पहिला संघटित सामना माँट्रिऑलमध्ये ३ मार्च १८७५ रोजी झाला. तेव्हाचे खेळाडूही हौशीच होते. व्यावसायिक हॉकी नंतरची.

बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण असतात, बाकीचे बाकावर. साधारण मिनिटभर जीव तोडून पळायचे आणि बदली खेळाडूला जागा द्यायची. संघ कौशल्यानुसार गटांत विभागतात, त्यामुळे चाळिशीत स्केटिंग शिकलेल्यालाही खेळायला जागा मिळते. वरच्या दर्जाचा खेळाडू मुद्दाम खालच्या गटात उतरवणे हा या साखळ्यांतला जुना रोग आहे. संध्याकाळच्या वेळा बहुधा मुलांचे संघ व फिगर स्केटिंगसाठी राखलेल्या असल्याने प्रौढांचे सामने अनेकदा रात्री उशिरा सुरू होतात.

खेळाडूला सकाळी कामावर जायचे असते, हे नियमांतही दिसते. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते. काही साखळ्यांत स्टिक मागे उंच नेऊन मारलेला जोरकस फटकाही चालत नाही. तरीही पडणे, कठड्यावर आदळणे आणि पक लागणे टळत नाही. सुमारे १६० ग्रॅम वजनाची ही कडक रबराची चकती घोट्याचे हाड सहज मोडते.

म्हणून साहित्यात काटकसर कुठे करायची हे आधी ठरवावे. खांद्याचे व कोपराचे पॅड जुने घेतले तरी चालतात. हेल्मेट मात्र नवे, प्रमाणित आणि शक्यतो पूर्ण चेहरा झाकणाऱ्या जाळीचे असावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या सामन्यात स्केटच्या, म्हणजे बर्फावर घसरण्याच्या बुटाच्या, पात्याने गळा कापला जाऊन ॲडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर गळ्याच्या संरक्षक पट्ट्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण उरलेले नाही.

सर्वाधिक लक्ष स्केटकडे द्यावे. त्यांचे माप रोजच्या बुटांपेक्षा साधारण एक ते दीड अंकाने लहान असते. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे जेमतेम एक बोट मावावे. नाडी आवळून गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसावी आणि बोटे पुढच्या टोकाला ओझरती लागावीत. सैल स्केटमध्ये घोटा कलंडतो आणि नवशिक्याला आपले पायच कमकुवत आहेत असे वाटू लागते. पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते, तिच्या दोन कडांवर खेळाडू वळतो. पन्हळ खोल असेल तर पकड वाढते पण घसरण कमी होते. अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ सुरुवातीला बहुतेकांना मानवते. वजनदार खेळाडूला अनेकदा उथळ बरी वाटते.

स्टिकवरचा ‘फ्लेक्स’चा आकडा ती किती ताठ आहे हे सांगतो. पौंडांतल्या आपल्या वजनाच्या निम्मा आकडा, हा ढोबळ हिशेब. स्टिक कापून आखूड केली की ती आणखी ताठ होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

गोलरक्षकाचे साहित्य वेगळे, अवजड आणि महाग. माँट्रिऑल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचा गोलरक्षक जॅक प्लान्ट १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहऱ्यावर पक लागल्यावर टाके घालून मुखवट्यासह परतला. तिथून मुखवट्याची प्रथा रुजली. गोलरक्षक मिळणे इतके कठीण असते की अनेक संघ त्याच्याकडून वर्गणी घेत नाहीत.

वयाची अट फारशी नाही. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे स्वतःच्या रिंकवर १९७५ मध्ये ज्येष्ठांची स्पर्धा सुरू केली, आणि उतारवयापर्यंत ते स्वतः तिथे खेळत राहिले.

सामन्यानंतर पाती पुसून कोरडी करावीत, नाहीतर कडांना गंज धरतो. हातमोजे व पॅड पिशवीत तसेच ठेवले तर दुर्गंधी येते, शिवाय त्वचेच्या संसर्गाचाही धोका असतो. घरी पोचल्यावर ते लगेच उघड्यावर वाळत टाकावेत.