उडते कीटक टिपताना : मॅक्रो लेन्स भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

उडत्या चतुराचा किंवा मधमाशीचा फोटो काढायचा म्हणून आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सर्वांत जलद कॅमेरा मागतात. तो आम्ही जरूर देतो. परंतु कीटक पुढच्या क्षणी कोठे असेल याचा ज्यांना अंदाज बांधता येतो, त्यांचे काम साध्या कॅमेऱ्यानेही भागते.

सुरुवात चतुरापासून करावी. पाण्याकाठच्या काडीवर बसणारा नर चतुर आपल्या टापूची राखण करत असतो. एखाद्या माशीवर किंवा प्रतिस्पर्धी नरावर तो झेपावतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो. झेपेआधी त्याचे डोके भक्ष्याच्या रोखाने झटकन वळते, ती खूण डोळ्यांत भरली की अर्धे काम झाले. ऑटोफोकस बंद करून काडीच्या टोकाजवळ, तो ज्या बाजूने परततो तिकडे फोकस आधीच लावून ठेवावा आणि बसण्यापूर्वी त्याचा वेग मंदावतो तेव्हा शटर दाबावे. पावसाळ्यात मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर मात्र दिवसा क्वचितच टेकतात. त्यांच्यासाठी जवळचे टिपणाऱ्या मॅक्रोऐवजी दूरचे टिपणारी टेलि लेन्स न्यावी.

फुलपाखरांच्या बाबतीत झाड ओळखणे महत्त्वाचे आहे. लिंबू किंवा कढीलिंबाच्या कोवळ्या पालवीभोवती काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची मादी घुटमळत असेल, तर ती अंडी घालत आहे असे समजावे. ती पंख फडफडवत पोटाचे टोक क्षणभर पानाला टेकवते, एकच अंडे चिकटवते आणि शेजारच्या पानाकडे वळते. प्लेन टायगर जातीच्या फुलपाखराची मादी याच कामासाठी रुईवर येते.

लेन्स मॅक्रो असली तरी कीटक पूर्ण आकारात (१:१, म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्षाएवढा) टिपण्याचा हट्ट धरू नये. पूर्ण आकारात लेन्सचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोली स्पष्ट येते. तेच प्रमाण एक चतुर्थांश केले, तर ती सेंटिमीटरभर होते. चौकट थोडी मोकळी ठेवून फोटो नंतर कापणे केव्हाही बरे.

मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते, त्यामुळे १/२००० सेकंदाच्या शटरलाही तिचे पंख धूसर दिसतात. येथे फ्लॅश उपयोगी पडतो, पण तो १/३२ किंवा त्याहून कमी शक्तीवर ठेवावा, कारण शक्ती जितकी कमी तितकी चमक अल्पकालीन, आणि सामान्य फ्लॅशची ही चमक १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी काळ टिकते. शटर मात्र १/२०० वरच असू द्यावे. हाय-स्पीड सिंक (याहून जलद शटरसोबत फ्लॅश चालवण्याची सोय) चालू केल्यास फ्लॅशचा प्रकाश लांबतो आणि पंख पुन्हा पुसट येतात. आमच्याकडे परत येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच याच एका बटणाच्या असतात. फ्लॅशचा प्रकाश दूरवर पोहोचत नसल्याने पार्श्वभूमी काळी येते; तशी नको असेल, तर फुलामागे जवळच एखादे पान येईल असा कोन निवडावा.

सरावासाठी वडोदऱ्याच्या कमाटी बागेतील फुलांचे वाफे सकाळी उत्तम, कारण ऊन चढेपर्यंत कीटक सुस्त असतात. चतुरांसाठी डभोईजवळचा वढवाणा तलाव अधिक चांगला. वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीच्या काठी मात्र मगरींचा वावर असल्याने पाण्यालगत बसू नये किंवा ट्रायपॉड लावू नये. नदीवर जायचे असल्यास आधी सांगावे, मॅक्रोऐवजी टेलि लेन्स त्याच भाड्यात बदलून मिळेल.