जंत मरतो तेव्हा शरीर काय करते

1948 मध्ये मेक्सिकोतील लुइस माझोत्ती यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. ऑन्कोसर्का हा कृमी अंगात असलेल्या रुग्णाला डायइथाइलकार्बामॅझिन हे औषध दिले, की काही तासांत त्याच्या अंगाला प्रचंड खाज सुटे, पुरळ उठे, ताप येई. हा संसर्ग नसलेल्या माणसाला तेच औषध दिले तर असा त्रास होत नसे. फरक इतका ठळक होता, की पुढे ही प्रतिक्रियाच निदानाची चाचणी म्हणून वापरली जाऊ लागली.

डायइथाइलकार्बामॅझिन त्याच्या एकच वर्ष आधी, 1947 मध्ये, हत्तीरोगाच्या गटातील कृमींवरचे औषध म्हणून पुढे आले होते. परीक्षानळीत ठेवलेल्या मायक्रोफिलेरियांवर, म्हणजे या कृमींच्या सूक्ष्म पिल्लांवर, ते फारसे काही करत नाही. रुग्णाच्या रक्तातून मात्र तीच पिल्ले झपाट्याने नाहीशी होतात. मारण्याचे बरेचसे काम शरीरच करते, हे यातून दिसत होते. पण ते कसे, हे उलगडायला पुढची अनेक दशके गेली. जंतांवरच्या औषधांचा इतिहास आणि प्रतिकारशक्तीच्या संशोधनाचा इतिहास वेगवेगळे सांगण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते, कारण या विषयात एकाशिवाय दुसरा कळतच नाही.

शरीराच्या बाजूचा पहिला धागा बराच जुना आहे. 1879 मध्ये पॉल एर्लिख यांनी इओसिन या रंगाने लालसर होणाऱ्या पांढऱ्या पेशी ओळखल्या. जंत झालेल्या माणसाच्या रक्तात या इओसिनोफिल पेशी वाढतात हे पुढे डॉक्टरांच्या परिचयाचे झाले, तरी त्या नेमके काय करतात हे कोडे राहिले. दुसरा धागा ॲलर्जीच्या संशोधनातून आला. परागकणांच्या ॲलर्जीचा अभ्यास करताना किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याला 1966 मध्ये एक नवे प्रतिपिंड, म्हणजे परक्या घटकाला ओळखून चिकटणारे रक्तातले प्रथिन, सापडले. स्वीडनमधील संशोधकही स्वतंत्रपणे त्याच रेणूपर्यंत पोहोचले आणि 1968 मध्ये त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई हे नाव मिळाले. निरोगी माणसाच्या रक्तात ते नाममात्र असते. जंत झालेल्यांत त्याची पातळी अनेक पटींनी चढते. ज्या यंत्रणेला आपण शिंका आणि दम्यासाठी दोष देतो, ती मुळात कृमींशी झुंजण्यासाठीच घडली असावी, हा विचार तेव्हापासून बळावला. 1975 मध्ये अँथनी बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या मदतीने इओसिनोफिल शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीच्या अळ्यांना इजा करतात हे प्रयोगशाळेत दाखवले आणि एर्लिख यांच्या पेशींना एक काम मिळाले.

मुळात अडचण आकाराची आहे. जिवाणू एखाद्या पेशीला गिळता येतो. काही सेंटिमीटर, कधी काही मीटर लांबीचा जंत गिळणार कोण? म्हणून इथे शरीराचा भर मारण्यापेक्षा हुसकावण्यावर असतो. आतड्यात चिकट श्लेष्मा वाढतो, पाणी सुटते, स्नायूंच्या हालचालींना जोर येतो, आतला पेशींचा थर भराभर बदलू लागतो. टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींमधला एक वेगळा गट रासायनिक संदेशांद्वारे हे घडवून आणतो. टिमथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी 1986 मध्ये उंदरांत तो ओळखला. आतड्यातल्या टफ्ट पेशी कृमी आल्याचा पहिला इशारा देतात, हे तर 2016 मध्ये कळले.

एवढे असूनही प्रौढ जंत वर्षानुवर्षे अंगात राहतो. का, याचे एक उत्तर 1969 च्या सुंदर प्रयोगात मिळाले. स्मिदर्स आणि टेरी यांनी उंदरात वाढलेले शिस्टोसोमा अशा माकडांच्या अंगात सोडले, ज्यांना उंदराच्या रक्तपेशींविरुद्ध आधीच सज्ज केले होते. कृमी मेले. उंदराचे रेणू अंगावर पांघरूनच ते उंदरात सुरक्षित राहिले होते! वेषांतराखेरीज दुसरीही युक्ती आहे: यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगात ते राहतात त्याच्या, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींना चेतवून कृमी सगळी प्रतिक्रियाच मवाळ करतात. यात यजमानाचाही फायदा असतो, कारण भडकलेली प्रतिक्रिया त्याच्याच ऊतींना जाळते. शिस्टोसोमाच्या आजारात यकृताची हानी होते ती मुख्यतः तिथे अडकलेल्या अंड्यांभोवतीच्या दाहामुळे.

1970 च्या दशकातल्या प्राझिक्वांटेल या शिस्टोसोमावरच्या औषधाने नेमके हे वेषांतर उघडे पाडले. ते कृमीचे बाह्य आवरण फाडते, आत दडलेले रेणू बाहेर दिसू लागतात आणि प्रतिपिंडे त्यांना गाठतात. प्रतिपिंडे बनवू न शकणाऱ्या उंदरांत हे औषध तितके चालत नाही. उलट अल्बेंडाझोलसारखी औषधे कृमीच्या पेशींचा आतला सांगाडाच मोडतात, त्यांना शरीराच्या मदतीची फारशी गरज नसते.

ऑन्कोसर्कासाठी माझोत्ती यांच्या काळातले औषध मागे पडले ते आयव्हरमेक्टिनमुळे. विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना त्यासाठी 2015 मध्ये नोबेल मिळाले. त्याने खाज आणि ताप बरेच सौम्य झाले, पूर्ण थांबले नाहीत. त्याचे एक कारण अनपेक्षित ठिकाणी सापडले. या कृमींच्या पेशींमध्ये वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. 1970 च्या दशकातच ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. कृमी मरतो तेव्हा ते बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्यावरही तुटून पडते. म्हणून डॉक्सिसायक्लिन हे साधे प्रतिजैविक इथे उपयोगी ठरते: जिवाणू गेले की मादी वांझ होते आणि कृमी सावकाश मरतो.

लसीच्या वाटेवर हीच गुंतागुंत आडवी आली. अंकुशकृमीच्या एका प्रथिनावर आधारलेली लस ब्राझीलमध्ये प्राथमिक चाचणीत दिली, तेव्हा काही जणांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या. जुन्या संसर्गामुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन ई आधीच तयार होते. चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून लसीसाठी प्रथिन निवडताना, ज्या माणसांना ती द्यायची त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध हे प्रतिपिंड आधीच आहे का, हे प्रथम तपासले जाते.