पार्श्वभूमी : हाकेच्या अंतरावरचं रुग्णालय

धारावीतून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात चालत जाता येतं. गडचिरोलीच्या पाड्यावरून दवाखाना लांब, म्हणून बाळ दगावतं, हे कुणालाही लगेच कळतं. इथे दवाखाना जवळच आहे, तरी आई जात नाही. केसपेपरच्या रांगेत सकाळ गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि धाकट्याला घेऊन गेलं तर थोरल्याला कुणाकडे ठेवायचं?

घरापर्यंत जाण्याचा पहिला सरकारी प्रयत्न एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्प सुरू झाले. त्यांत महाराष्ट्राचे दोन होते, मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. जंगल आणि महानगर, दोन्हींना एकच साचा. नावही एकच, अंगणवाडी. धारावीत अंगण कुठून आणायचं? तिथे ती भाड्याच्या खोलीत भरली, आणि शहरातल्या भाड्याचा प्रश्न योजनेला कायमचा चिकटला.

१९८८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई आणि मद्रासच्या झोपडपट्ट्यांसाठी एक लोकसंख्या प्रकल्प आला. नाव कुटुंबनियोजनाचं असलं तरी मुंबईला त्यातून मिळाल्या त्या हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीसाठीची छोटी आरोग्य केंद्रं, आणि वस्तीतल्याच बायकांमधून निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविका. कोणत्या खोलीत गरोदर बाई आहे, कोण बाळंतपणाला गावी गेली, कुणाचा गोवरचा डोस राहिला, हे रजिस्टरच्या आधी त्यांना तोंडपाठ. पल्स पोलिओचे थेंब दारोदार पोहोचले ते याच पायांनी. मात्र ‘स्वयंसेविका’ म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, मानधनावर भागतं. किमान वेतनासाठी या बायकांना संघटना बांधून वर्षानुवर्षं भांडावं लागलं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं तेच मुळी २०२२ मध्ये.

दुसरा धागा रुग्णालयातून निघतो. सायनच्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभी केली, आशियातली पहिली. पण वॉर्ड कितीही सुधारला तरी वस्तीतून बाळ उशिराच येणार, तर तिथल्या डॉक्टरने करायचं काय? १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि काम वस्तीत नेलं.

या संस्थेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अनुभव फसलेला आहे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांच्या नियमित बैठकांनी नवजात मृत्यू कमी झाले होते. तोच मार्ग २००६ ते २००९ या काळात मुंबईच्या ४८ वस्त्यांत तपासला गेला, निम्म्यांत बैठका, निम्म्यांत नाहीत. मृत्युदर कमी झाला नाही. नेपाळच्या त्या खेड्यांत बाळंतपणं घरी होत, मुंबईत ती बहुतांशी आधीच रुग्णालयात होत होती. बैठकीतून सुधारायला मुळात कमी उरलं होतं. हा निष्कर्ष २०१२ मध्ये जसाच्या तसा छापला गेला. यशोगाथांच्या गर्दीत असं कमीच होतं.

नंतर धारावीत अंगणवाड्यांच्या जोडीने कुपोषणाचं काम उभं राहिलं. त्याची हत्यारं साधी. चौकटीला वजनकाटा टांगायचा, आकड्याला झोळी अडकवायची, त्यात रडणारं मूल. मग दंडाला घेर मोजणारी रंगीत पट्टी गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की लाल, म्हणजे ‘सॅम’, तीव्र कुपोषित. अशा मुलाला धारावीतल्याच ‘छोट्या सायन’ला, म्हणजे सायन रुग्णालयाच्या इथल्या आरोग्य केंद्रात न्यायचं. तिथून शेंगदाणे, दूधपावडर, साखर आणि तेलाची पेस्ट मिळते.

लाल रंग दिसल्यावर आई घाबरतेच असं नाही. बऱ्याचदा ती विचारते, आजच जावं लागेल का? सेविका म्हणते, उद्या दुपारी जाऊ, मी येते सोबत.