रिअल एल आणि ब्रिटिश पब

रिअल एल म्हणजे ज्या पिंपातून ग्लासात येते त्याच पिंपात शेवटपर्यंत मुरत राहणारी बिअर. ती गाळलेली नसते, तिचे पाश्चरीकरण झालेले नसते आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊन ती वर चढवली जात नाही. ब्रिटनमध्ये तिला कास्क एल, म्हणजे पिंपातली एल, असेही म्हणतात. ब्रुअरीतून निघताना तिच्यात जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असते आणि उरलेले आंबवण पबच्या तळघरात पुरे होते. कोकणातली माडी जशी झाडावरून उतरवल्यावरही आंबतच राहते, तशी ही बिअरही पबच्या दारात आल्यावर थांबत नाही. चांगल्या हातात ती खुलते, वाईट हातात दोन दिवसांत शिरक्यासारखी आंबट होते. म्हणूनच पबांनी ती ठेवावी असा आग्रह धरणाऱ्यांपुढचा प्रश्न ग्राहकांच्या आवडीपुरता कधीच नव्हता. अर्धवट तयार माल पबचालकाने स्वतःच्या जोखमीवर का घ्यावा, याचे उत्तर त्यांना द्यावे लागते.

तळघरातले काम

लॉरीतून उतरलेले पिंप बहुधा फर्किन असते. ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. ते तळघरात घोडीवर आडवे ठेवतात आणि हलू नये म्हणून पाचरी मारतात. तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राखायचे. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ हा विनोद भारतातही पोचला आहे, पण नीट ठेवलेली एल कोमट नसते, फक्त बर्फगार नसते. बर्फगार केली तर तिचा माल्टचा आणि हॉप्सचा वास दबतो.

आडव्या पिंपाच्या वरच्या अंगाला एक बूच असते. त्याच्या मधोमध सच्छिद्र लाकडाची छोटी खुंटी ठोकली की कोंडलेला वायू सुटू लागतो आणि खुंटीभोवती फेस जमतो. चालक तो पुसतो आणि वाट पाहतो. पुसलेला फेस परत यायला वेळ लागू लागला, की आतली खळबळ शमली असे समजायचे. मग सच्छिद्र खुंटी काढून टणक लाकडाची बसवतात, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. समोरच्या गोल तोंडाच्या खालच्या बुचात लाकडी हातोड्याने तोटी बसवायची ती एका ठोक्यात. हात कचरला तर बिअर चालकाच्या अंगावर. पुढे तोटीतून थोडी बिअर ग्लासात घ्यायची, उजेडासमोर धरायची, हुंगायची, चाखायची. गढूळ असेल तर पिंप आणखी एक दिवस तसेच.

बिअर निवळण्यासाठी ब्रुअरीत तिच्यात माशांच्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालतात. तो यीस्टला धरून तळाशी बसतो. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा जाळ्यात सापडला की वर्तमानपत्रांत त्याच्या किमतीची बातमी येते, ती त्याच्या पोटातल्या याच अवयवामुळे. अलीकडे शाकाहारी आणि वीगन ग्राहकांमुळे काही ब्रुअरी हा पदार्थ वगळतात आणि थोडी धूसर एल तशीच पाठवतात.

तळघरातून काउंटरवर बिअर येते ती हातपंपाने. त्याची उंच मूठ ओढली की साधारण अर्धा पाइंट वर येतो. इंग्लंडच्या उत्तरेत पंपाच्या नळीला बारीक छिद्रांची टोपी लावून दाट फेस काढतात. दक्षिणेत ती टोपी दिसली तरी लोक नाक मुरडतात. हा वाद मिटण्याची चिन्हे नाहीत आणि तो मिटावा असे कोणाला फारसे वाटतही नाही.

पबचालकाचा हिशेब

तोटी बसली की पिंपातून जितकी बिअर निघते तितकी हवा आत जाते, आणि घड्याळ सुरू होते. साधारण तीन दिवसांत पिंप संपले पाहिजे. ७२ पाइंट तीन दिवसांत, म्हणजे रोजचे २४. तळाचा गाळ वजा करायचा, रोज सकाळी नळीत रात्रभर राहिलेली बिअर ओतून द्यायची, आठवड्याला नळ्या धुवायच्या. केगमधली, म्हणजे धातूच्या बंद डब्यात भरलेली बिअर मात्र वायूच्या दाबाखाली कितीतरी जास्त दिवस टिकते आणि तिला चालकाचे कसब लागत नाही. ज्या गावात मंगळवारी संध्याकाळी सहा माणसे पबात येतात तिथे हा हिशेब कोणत्या बाजूला झुकतो हे सांगायला नको.

यातूनच रिअल एलसाठी झटणाऱ्या चळवळीच्या वाटेतला सगळ्यात मोठा खड्डा तयार होतो. उत्साहाच्या भरात पब एकाऐवजी सहा हातपंप लावतो. गिऱ्हाईक तेवढेच असल्याने प्रत्येक पिंप आठवडाभर उघडे राहते. पहिल्यांदाच एल पिणाऱ्याच्या वाट्याला पाचव्या दिवसाचा ग्लास येतो आणि तो पुन्हा लागर, म्हणजे नेहमीची थंडगार फिकट बिअर, मागतो. दोन पंप आणि ताजी बिअर हे सहा पंप आणि शिळ्या बिअरपेक्षा केव्हाही बरे. चळवळीतल्या जाणत्या लोकांनाही हे ठाऊक असते, पण बिअर महोत्सवातल्या लांबच लांब यादीची भूल मोठी असते.

एल मागे कशी पडली

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या ब्रुअरी एकमेकींना गिळत मोठ्या होत गेल्या. १९६० च्या दशकाअखेर बास चॅरिंग्टन, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी मान, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा कंपन्यांच्या हाती बहुतांश उत्पादन होते. हजारो पबही त्यांच्याच मालकीचे किंवा त्यांना बांधील होते. बांधील पबचा चालक मालक कंपनीचीच बिअर विकू शकत असे. देशभर एकाच चवीची, न बिघडणारी, टीव्हीवर जाहिरात करता येणारी केग बिअर कंपन्यांच्या सोयीची होती. वॉटनीची रेड बॅरल ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध आणि पुढे सर्वांत बदनाम. नॉर्विचमध्ये वॉटनीने १९६३ साली बुलार्ड्स आणि स्टुअर्ड अँड पॅटसन या दोन्ही स्थानिक ब्रुअरी विकत घेतल्या आणि त्या भागातल्या पिणाऱ्याला निवड अशी उरलीच नाही.

सगळेच वाहवले नाहीत. लंडनच्या वॉन्ड्सवर्थमध्ये यंग्ज या ब्रुअरीने जॉन यंग यांच्या कारकिर्दीत पिंपातली एल सोडली नाही. त्या काळात धंद्यातले लोक याला हट्ट म्हणत.

संघटना आणि तिची साधने

विरोधाची पहिली संघटना १९६३ ची. लाकडी पिंपातली बिअर टिकावी म्हणून एप्सममध्ये एक मंडळ स्थापन झाले. त्याचा जीव लाकडावर होता. प्रत्यक्षात पिंप लाकडाचे की धातूचे याला महत्त्व नाही, आत बिअर जिवंत आहे की नाही याला आहे. हा फरक ओळखून उभी राहिली ती कॅम्रा. मार्च १९७१ मध्ये मायकल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार मित्र सुट्टीवर आयर्लंडला गेले होते. केरी परगण्यातल्या डनक्विन गावच्या क्रूगर्स या पबात त्यांनी संघटना काढायचे ठरवले. सुरुवातीचे नाव एलच्या पुनरुज्जीवनाची मोहीम असे होते. १९७३ मध्ये ते ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ झाले. मुख्यालय हर्टफर्डशरमधल्या सेंट ऑल्बन्स इथे आहे.

पबांना राजी करण्याचे तिचे सर्वांत धारदार साधन म्हणजे यादी. चांगली एल देणाऱ्या पबांची ‘गुड बिअर गाइड’ ही मार्गदर्शिका १९७४ पासून दरवर्षी निघते. पहिल्या आवृत्तीत वॉटनीची बिअर प्लेगसारखी टाळा असे लिहिले होते. प्रकाशकाला घाम फुटला आणि छापलेला मजकूर बदलून ‘काहीही झाले तरी टाळा’ असा करावा लागला. पबची निवड स्थानिक शाखांचे सदस्य करतात. वर्षभर पबात जाऊन ते प्रत्येक एलला शून्य ते पाच गुण देतात. यादीत नाव आले की परगावचे गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते, नाव गेले की चालकाला त्याचे कारण शोधावे लागते.

रस्त्यावरचे प्रकारही झाले. १९७३ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या स्टोन गावी जूल्स ही ब्रुअरी बंद होऊ नये म्हणून मोर्चा निघाला. ब्रुअरी पुढच्याच वर्षी बंद पडली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. १९७४ मध्ये केंब्रिजला बिअर महोत्सव भरला, १९७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आणि १९७७ पासून ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ सुरू झाला. संघटनेने कंपनी काढून काही पब स्वतः विकत घेतले होते, त्यांत केंब्रिजचा सॉल्झबरी आर्म्स आणि लंडनच्या हॅम्पस्टेडमधला नॅग्ज हेड हेही होते. एल विकून पब फायद्यात चालतो हे इतरांना सांगण्यापेक्षा चालवून दाखवणे, हा त्यामागचा विचार.

कायदा आणि कर

चालकाची इच्छा असली तरी करार त्याला बांधून ठेवतो. त्यामुळे खरा फरक पडला तो कायद्याने. १९८९ मध्ये मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर सरकारने बिअरच्या पुरवठ्यासंबंधी आदेश काढले. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांना त्यावरच्या निम्म्या पबांना बंधनातून मोकळे करणे भाग पडले. शिवाय त्यांच्या भाडेकरू चालकांना बाहेरच्या ब्रुअरीची एक पिंपातली एल ‘पाहुणी’ म्हणून विकण्याची मुभा मिळाली. लहान ब्रुअरींना यामुळे प्रथमच मोठ्या कंपन्यांच्या पबात शिरता आले. त्याचा उलटा परिणामही झाला. कंपन्यांनी पब विकून टाकले, ते पबांच्या नव्या साखळी कंपन्यांनी घेतले, आणि या कंपन्या स्वतः बिअर बनवत नसल्याने आदेशांच्या कक्षेबाहेर राहिल्या. बांधीलकी गेली नाही, फक्त मालक बदलला. हे आदेश पुढे रद्द झाले. २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ५०० किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांना एक आचारसंहिता लागू आहे. स्कॉटलंडने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्यात पाहुण्या बिअरची तरतूद परत आणली.

करातली सवलत शांतपणे आली आणि तिने जास्त काम केले. २००२ मध्ये वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत, बिअर करणाऱ्या ब्रुअरींचा उत्पादन कर निम्मा झाला. गाळणी, पाश्चरीकरण, बाटल्या भरण्याची यंत्रे यांचा खर्च पिंपातल्या एलला लागत नाही, म्हणून कमी भांडवलावर धंदा सुरू करणाऱ्या बहुतेकांनी तीच निवडली. ऑगस्ट २०२३ पासून पबात पिंपातून दिल्या जाणाऱ्या बिअरवर बाटलीबंद मालापेक्षा कमी कर आहे. मूळ प्रस्तावात ही सवलत ४० लिटरवरच्या पिंपांनाच होती. संघटनांनी आणि लहान ब्रुअरींनी आरडाओरडा केल्यावर मर्यादा २० लिटरवर आली. साडेचार गॅलनचे पिन हे सर्वांत छोटे पिंप साडेवीस लिटरचे असल्याने ते जेमतेम बसले. कमी गर्दीच्या पबाला तेच परवडते, त्यामुळे हा बदल दिसायला बारीक असला तरी मोलाचा ठरला.

दर्जा

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रुअरींनीच ‘कास्क मार्क’ ही योजना सुरू केली. तिचे तपासनीस न सांगता पबात येतात, प्रत्येक एलचे तापमान, रूप, वास आणि चव पाहतात आणि पास झालेल्या पबला दाराबाहेर लावायची पाटी देतात. चालकांना तळघराचे प्रशिक्षणही मिळते. कॅम्राच्या नॉटिंगहॅम शाखेने २००७ मध्ये सुरू केलेली ‘लोकएल’ योजना निराळी आहे. जवळपासच्या ब्रुअरीची किमान एक एल ठेवणाऱ्या पबला ती खिडकीवर चिकटवायला खूणपट्टी देते, आणि जवळ म्हणजे किती मैल ते शाखा ठरवते.

कॅम्रावर सोवळेपणाचा आरोप जुना आहे आणि तो सगळाच खोटा नाही. पिंपात हवेऐवजी किंचित कार्बन डायऑक्साइड, तोही दाबाशिवाय, सोडणारी झडप बसवली तर बिअर जास्त दिवस टिकते. कमी खपाच्या पबाला ती उघडच सोयीची. तरीही संघटनेने अनेक वर्षे तिला विरोध केला, कारण व्याख्येत बाहेरचा वायू बसत नाही. २०१८ मध्ये कोव्हेंट्रीच्या वार्षिक सभेत हा विरोध सोडून तटस्थ राहायचे ठरले. त्याच सभेत सर्व प्रकारच्या चांगल्या बिअरच्या पिणाऱ्यांना सामावून घेणारा एक ठराव आवश्यक ७५ टक्के मतांपर्यंत थोडक्यात पोचला नाही.

२०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने ‘फ्रेश एल’ बाजारात आणली. ती केगमधली बिअर होती, पण पबात हातपंपाने ओढून दिली जाई. कंपनीचे म्हणणे होते की ज्या पबांना पिंप तीन दिवसांत संपवता येत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. कॅम्राचे म्हणणे होते की हातपंप दिसला की गिऱ्हाईक पिंपातलीच बिअर समजते, तेव्हा ही फसवणूक आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी समजण्यासारखे आहे. मात्र हातपंपाची मूठ ही गेली पन्नास वर्षे ज्या खुणेवर ही चळवळ उभी राहिली ती खूण आहे, त्यामुळे कॅम्राने तिथे नमते घेणे कठीण.

भारताशी संबंध

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसन यांच्या बो ब्रुअरीची आणि १८२० च्या दशकापासून इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रुअरींची फिकट एल लाकडी पिंपांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला येत असे. कित्येक महिन्यांच्या प्रवासात ती पिंपातच मुरायची. आजच्या इंडिया पेल एलच्या नावात तो व्यापार उरला आहे. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींत मिळणारी ताजी एल मात्र या नोंदीतली रिअल एल नव्हे. ती थंड टाकीतून वायूच्या दाबावर येते आणि आपल्या हवेत तसे करणेच शहाणपणाचे आहे, कारण मे महिन्यात ११ अंशांचे तळघर राखायचे तर विजेचे बिल बिअरच्या कमाईवर जाईल.