गेमिंग लॅपटॉपला डॉक का जुळत नाही?

२०२० च्या टाळेबंदीत ऑफिसं घरात आली, तेव्हा माझ्या टेबलावर कंपनीच्या लॅपटॉपबरोबर एक डॉकही, म्हणजे बाकीची उपकरणं लॅपटॉपला जोडून देणारी पेटीही, आला. एक केबल लावली की मॉनिटर, कीबोर्ड, लॅन, चार्जिंग सगळं एकदम सुरू. एका संध्याकाळी तीच केबल काढून मी माझ्या गेमिंग लॅपटॉपला लावली. कीबोर्ड चालला, माउस चालला, मॉनिटर मात्र काळाच राहिला आणि बॅटरीचा आकडा उतरत गेला. पिन तर नेमकी बसली होती, मग अडलं कुठे? याचं उत्तर डॉकच्या तीस वर्षांच्या इतिहासात आहे. तो माहीत नसताना कुणी डॉकवर पंधरा-वीस हजार रुपये घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये ॲपलने पॉवरबुक ड्युओ आणला. लॅपटॉप हलका राहावा म्हणून त्यात फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा ठेवला नव्हता. तो ड्राइव्ह ड्युओ डॉक नावाच्या पेटीत होता. झाकण मिटून लॅपटॉप पेटीच्या तोंडात सरकवला की व्हीसीआरने कॅसेट ओढून घ्यावी तसा तो आतली मोटर ओढून घ्यायची. मागे १५६ पिनांचा जोड होता आणि प्रोसेसरचे धागे त्यातून थेट पेटीत उतरायचे. म्हणून डॉकमध्ये गणिती कोप्रोसेसर, जादा कार्डं असं बरंच काही बसवता यायचं. न जुळण्याची गोष्टही इथूनच सुरू होते. पुढच्या वर्षी रंगीत पडद्याचा ड्युओ आला, तो जरा जाड होता आणि जुन्या डॉकच्या तोंडात मावेना. त्यासाठी डॉकचं झाकण बदलावं लागायचं. कंपनी तीच, जोड तोच, तरी ही अडचण.

त्यानंतरची वीसेक वर्षं डॉक ही ऑफिसचीच वस्तू राहिली. आयबीएमचे आणि पुढे लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे बिझनेस लॅपटॉप, डेलचे लॅटिट्यूड, प्रत्येकाच्या पोटाखाली आपापला जोड. डेलने २००८ मध्ये ई-मालिकेसाठी आणलेला ई-पोर्ट तर पुढे बरीच वर्षं टिकला. लॅपटॉप वरून दाबला की खट् करून बसायचा. दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप त्यावर बसायचाच नाही, त्यामुळे निदान फसगत होत नसे. मोठी ऑफिसं एकाच जातीचे शेकडो लॅपटॉप घ्यायची, मॉडेल बदललं तरी टेबलावरचे डॉक तसेच चालावेत अशी त्यांची मागणी असायची, आणि म्हणून कंपन्यांनी ते जोड जपले.

गेमिंग लॅपटॉपला असं घर कधी मिळालंच नाही. तो डेस्कटॉपची जागा घ्यायला निघालेला गडी: जाड, जड, गोल पिनेचा भलामोठा चार्जर. घेणारा एकेकटा माणूस, आणि दर नव्या मॉडेलला नवा सांगाडा. पोटाखालचा जोड टिकवायला कुणाला कारणच नव्हतं. जे प्रयत्न झाले ते मुख्यतः बाहेरचं ग्राफिक्स कार्ड जोडण्याचे. एलियनवेअरने २०१४ मध्ये ग्राफिक्स ॲम्प्लिफायर आणला, असुसने २०२१ मध्ये एक्सजी मोबाइल. दोन्ही आपापल्या खास केबलवर चालणारे, म्हणजे घरच्याच लॅपटॉपांपुरते.

चित्र पालटलं ते यूएसबी-सीमुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला: २४ पिना, उलट-सुलट कशीही लागणारी छोटी खाच. पुढच्याच महिन्यात डिस्प्लेपोर्टचं (मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या जोडणीचं) चित्र त्याच पिनांतून नेण्याची सोय जाहीर झाली. २०१५ मध्ये इंटेलने थंडरबोल्ट ३ या आपल्या वेगवान जोडणीसाठी तीच खाच घेतली आणि सेकंदाला ४० गिगाबिटचा वेग दिला. मला या सगळ्यात एकच गोष्ट खटकते, आणि आजच्या गोंधळाचं मूळ मी तिथेच मानतो: खाचेचा आकार ठरवून दिला, पण तिच्यातून चित्र जाणार की नाही, चार्जिंग होणार की नाही, हे लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं. असुसच्या २०२० च्या झेफिरस जी१४ ला दोन यूएसबी-सी खाचा होत्या. चित्र आणि चार्जिंग फक्त डावीकडच्या खाचेतून, उजवीकडची निव्वळ डेटाची. दिसायला दोन्ही सारख्याच.

चित्र जातंय असं धरलं तरी ते किती जातंय, हा पुढचा प्रश्न. यूएसबी-सीत वेगवान मार्गिका चारच. डॉकवर यूएसबी ३ चा वेगही हवा असेल तर दोन मार्गिका डेटाला जातात आणि चित्राला दोन उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोनांतून ८.६४ गिगाबिट जातात. ४के चित्र ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, दाखवायला साधारण साडेबारा लागतात. म्हणून असंख्य स्वस्त हबांवर (छोट्या डॉकांवर) ‘४के’ या ठळक अक्षरांखाली बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. डिस्प्लेपोर्ट १.४ आल्यावर त्याच दोन मार्गिकांतून १२.९६ गिगाबिट जाऊ लागले आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसले. पण १४४० रेषांचा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेल्याला चौदाच्या आसपास लागतात. चित्र दाबून पाठवण्याची सोय लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर तिघांकडे नसेल, तर त्या मॉनिटरची निम्मी मजा डॉकमध्येच अडकून राहते.

शिवाय खाचेच्या मागे कोण बसलंय तेही पाहावं लागतं. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची सोय आणली. बॅटरी वाचावी म्हणून पडदा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. मोठं ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करून त्याच्या हवाली करतं. यूएसबी-सी खाच या साध्या ग्राफिक्सच्या बाजूला जोडली असेल तर बाहेरच्या मॉनिटरकडे जाणारं चित्रही तोच वळसा घेतं. थोडा वेग जातो आणि जी-सिंक, म्हणजे मॉनिटरची गती कार्डाच्या गतीशी जुळवून घेण्याची सोय, मिळत नाही. कुठल्या मॉडेलमध्ये कुठली खाच कुणाला जोडली आहे हे जाहिरातीत जवळजवळ कधीच नसतं. ते ठळक छापलं पाहिजे. ग्राहकाचा तो हक्क आहे.

थंडरबोल्टच्या डॉकांची तऱ्हा आणखी वेगळी. थंडरबोल्ट ३ चे सुरुवातीचे डॉक साध्या यूएसबी-सी खाचेला लावले तर चालतच नसत. २०१८ मध्ये इंटेलची टायटन रिज चिप आली, तेव्हापासून डॉक एक पायरी खाली उतरून निदान साध्या यूएसबी-सीसारखे चालू लागले. एएमडी प्रोसेसरच्या गेमिंग लॅपटॉपांत तर थंडरबोल्ट क्वचितच असायचं. थंडरबोल्ट ३ च्या पायावर उभा राहिलेला यूएसबी४ हा मापदंड २०१९ मध्ये आला, पण एएमडीच्या लॅपटॉपांत तो उतरायला २०२२ ची रायझन ६००० मालिका यावी लागली.

डिस्प्लेलिंकचे डॉक निव्वळ डेटाच्या खाचेतूनही चित्र काढून दाखवतात, कारण ते चित्र प्रोसेसरकडून दाबून घेऊन साध्या डेटासारखं पाठवतात. एक्सेलला उत्तम. खेळताना मात्र प्रोसेसरवरचा भार आणि हाताला जाणवणारा उशीर, दोन्ही नकोसे.

राहता राहिली वीज, आणि खरा खोडा तिचाच आहे. यूएसबीतून देता येणारी वीज २०२१ पर्यंत १०० वॅटवर थांबलेली होती. बहुतेक गेमिंग लॅपटॉपचे चार्जर १८० पासून ३३० वॅटपर्यंतचे. शंभर वॅटवर लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाला लगाम घालतो, आणि तरी कमी पडलं तर बॅटरीतून भर घालतो. काही डॉक तर माणूस बघून वाढतात: डेलचा डब्ल्यूडी१९ डेलच्या लॅपटॉपला १३० वॅट देतो, इतरांना ९०. शंभर वॅट पुरत नाहीत हे कंपन्यांना ठाऊकच होतं. एचपी आणि लेनोव्होने भारी वर्कस्टेशन लॅपटॉपांसाठी २३० वॅटचे डॉक काढले, त्यांच्या केबलीला टोकाला दोन फाटे: एक यूएसबी-सीचा, दुसरा चार्जरच्या पिनेचा. गेमिंग लॅपटॉपला नेमकं हेच हवं होतं, पण तो दुसरा फाटा पुन्हा त्या-त्या कंपनीच्याच मापाचा.

२०२१ मध्ये यूएसबीची मर्यादा २४० वॅटवर नेली गेली आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ ने तिलाच धरून ८० गिगाबिटचा वेग दिला. फ्रेमवर्क कंपनीचा १६ इंची लॅपटॉप आधी १८० आणि २०२५ मध्ये २४० वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर आला. पण ३३० वॅटच्या लॅपटॉपांची गोल किंवा चौकोनी पिन अजून जागेवरच आहे.

माझ्या टेबलावर सध्या तीन केबली आहेत. डॉकची केबल कीबोर्ड, माउस आणि लॅनपुरती. मॉनिटर थेट एचडीएमआयला, कारण माझ्या मॉडेलमध्ये ती खाच मोठ्या कार्डाला जोडलेली आहे. आणि चार्जर लॅपटॉपबरोबर आलेलाच. खेळताना मॉनिटर १४४ हर्ट्झ दाखवतो, बॅटरी शंभरावर राहते.